शेजेवरचा प्रेक्षक

(रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



मी निवडलेला विषय सभागृहात सहसा निघत नाही. माझ्या दवाखान्यात मात्र तो सतत येतो, बहुतेकदा दुसऱ्याच कुठल्यातरी तक्रारीच्या आडून. झोप लागत नाही, पोटात गॅस होतो, चिडचिड होते, असं सांगत माणूस बसतो आणि उठताना दाराशी थांबून म्हणतो, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं." मला आज त्या 'अजून एक' बद्दल बोलायचं आहे. शरीरसंबंधाच्या ऐन वेळी मनात शिरणारी धास्ती, 'मला जमेल ना?', 'मी कशी दिसत असेन?' हा स्वतःवरचा पहारा, आणि त्यापायी दोन चांगल्या माणसांच्या सहवासाची होणारी नासाडी, हा माझा विषय आहे.

ज्यांच्या नावानं आपण जमलो आहोत त्यांच्या कामाशी या विषयाचं नातं थेट आहे. गणिताचे प्राध्यापक असलेल्या रघुनाथरावांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र उघडलं. पुढे या मतांपायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, पदरमोड करून, पत्नी मालतीबाईंच्या साथीनं ते चालवलं. या मासिकात वाचक आपल्या लैंगिक शंका विचारत आणि रघुनाथराव त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरं देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्नावर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही, ही त्यांची भूमिका होती. खटला ते हरले. रघुनाथरावांना २०० रुपये दंड झाला. शंका विचारणाऱ्याला लाजवायचं नाही आणि उत्तर देताना आपणही लाजायचं नाही, एवढी शिस्त मी या माणसाकडून घेतली आहे आणि आज ती पाळणार आहे.

आता एका जोडप्याची हकिगत सांगतो. दोन-तीन जोडप्यांच्या गोष्टी एकत्र करून, ओळख पुसून ती मांडतो आहे. तो एकतीस वर्षांचा, ती अठ्ठावीसची. लग्न पाहून-ठरवून झालेलं, दोघं नोकरी करणारे. घर दीड खोलीचं. आई-वडील हॉलमध्ये झोपतात, या दोघांसाठी आतली खोली. कॉट करकरते म्हणून गादी खाली घेतलेली. पलीकडे आई खोकली तरी ऐकू येतं, म्हणजे इकडचंही तिकडे जात असणार, हे दोघांना पक्कं ठाऊक. पहिल्या रात्री त्याला ताठरता आली आणि ऐन वेळी गेली. दिवसभराचा थकवा, सत्यनारायणाची पूजा, पाहुण्यांची गर्दी. त्यात नवल काहीच नव्हतं. पण सकाळी मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आले होते, "काय रे, मोहीम फत्ते?" त्यानं अंगठ्याची खूण पाठवली. त्या खोट्या अंगठ्यापासून त्याचा आजार सुरू झाला, असं मी समजतो.

दुसऱ्या रात्री तो तिच्याजवळ गेला तेव्हा त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. आज तरी जमतंय का, आलं का, टिकतंय का, एवढंच तो पाहत होता. अर्थातच जमलं नाही. मग त्यानं रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप घेऊन बसायला सुरुवात केली, कारण ती झोपल्यावर आत जाणं सोपं होतं. जाहिरात पाहून कॅप्सूल मागवल्या. ती इकडे काय करत होती? ती दिवा आधीच घालवून ठेवत होती. कुशीवर वळली तर पोट सुटलेलं दिसेल म्हणून श्वास आत ओढून पडून राहत होती. माझ्यासमोर ती एवढंच म्हणाली, "ह्यांना मी आवडलेच नसेन. घरच्यांच्या आग्रहाखातर हो म्हणाले असतील." तो दचकून तिच्याकडे बघायला लागला. आठ महिन्यांत हे वाक्य त्यानं पहिल्यांदा ऐकलं होतं. मी त्याला विचारलं, पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का? "तेव्हा सगळं ठीक असतं हो, डॉक्टर," तो म्हणाला, "म्हणून तर कळत नाही."

त्या उत्तरातच बरंचसं निदान होतं. निरोगी पुरुषाला झोपेत, विशेषतः स्वप्नांच्या टप्प्यात, रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. त्या वेळी पाहणारं, तपासणारं मन झोपलेलं असतं. म्हणजे रक्तवाहिन्या, नसा, संप्रेरकं यांची यंत्रणा शाबूत आहे. अडचण जागेपणी उभी राहते.

ही यंत्रणा चालते कशी, हे थोडं समजून घेऊ. सुखद स्पर्श, आठवण, गंध यांनी मेंदू जागा झाला की माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या नसांमार्फत शिश्नाला संदेश जातो. तिथे नायट्रिक ऑक्साइड सुटतो, आतले स्नायू सैल पडतात, रोहिण्यांतून रक्त भरतं, आणि भरलेल्या रक्ताच्या दाबानं शिरा मिटून ते आतच अडून राहतं. लक्षात घ्या, हे सगळं स्नायू सैल पडल्यामुळे होतं. माणूस धास्तावला की अॅड्रिनलिनच्या जातीची रसायनं सुटतात, तेच स्नायू आवळले जातात आणि रक्त परत फिरतं. स्त्रीच्या शरीरातही अशीच व्यवस्था आहे. मन निवांत असलं की योनिमार्गाभोवती रक्तपुरवठा वाढतो, ओलावा येतो. मन धसकलेलं असलं की ओलावा येत नाही, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून येतात आणि संबंध दुखरा होतो. एकदा दुखलं की पुढच्या वेळी दुखण्याचीच वाट पाहिली जाते आणि स्नायू आधीच आवळतात. हात वर करायचा ठरवला तर करता येतो, उत्तेजना मात्र ठरवून आणता येत नाही. झोपेचंही असंच असतं. 'झोपलंच पाहिजे' म्हणून घड्याळाकडे पाहत पडलेल्या माणसाला झोप येत नाही.

अमेरिकेत सेंट लुइस इथे विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या जोडीनं मानवी लैंगिक प्रतिसादाचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. त्यांचं पहिलं पुस्तक १९६६ मध्ये आलं आणि लैंगिक अडचणींवरचं दुसरं १९७० मध्ये. या दुसऱ्या पुस्तकात त्यांनी एका गोष्टीवर नेमकं बोट ठेवलं. अडचणीत सापडलेला माणूस संबंधाच्या वेळी सहभागी राहत नाही, तो स्वतःचाच प्रेक्षक होतो. शरीर अंथरुणावर असतं आणि मन बाजूला उभं राहून त्याच्याकडे पाहत असतं, गुण देत असतं. या प्रेक्षकपणामुळे स्पर्शाच्या जाणिवा पोहोचतच नाहीत, आणि ज्या जाणिवांवर उत्तेजना जगते त्याच तुटल्यावर ती ओसरते. ती ओसरलेली पाहून प्रेक्षक आणखी बारकाईनं पाहू लागतो. चक्र सुरू होतं ते इथे.

पण भीती हीच मुळात उत्तेजनेची शत्रू आहे का? डेव्हिड बार्लो या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावर प्रयोग केले. कुठलीही तक्रार नसलेल्या पुरुषांना त्यांनी उत्तेजक चित्रफीत दाखवली आणि सौम्य विजेच्या झटक्याची धमकी दिली. अपेक्षा अशी की उत्तेजना घटेल. ती वाढली. 'पुरेशी उत्तेजना आली नाही तर झटका बसेल' असं सांगितलं तेव्हाही ती वाढली. तक्रार असलेल्या पुरुषांमध्ये मात्र अशा दडपणानं ती घटली. मग त्यांनी उलटा प्रयोग केला, दुसरंच काहीतरी ऐकायला लावून लक्ष विचलित केलं. तक्रार नसलेल्यांची उत्तेजना आता उतरली, तक्रार असलेल्यांना काही फरक पडला नाही. याचा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. भीतीनं काळीज धडधडलं म्हणून शरीर हार खातंच असं नाही. निर्धास्त माणसाचं लक्ष भीतीतही स्पर्शाकडे, समोरच्या माणसाकडे राहतं. धास्तावलेल्याचं लक्ष आधीच स्वतःच्या अपयशाकडे लागलेलं असतं. बार्लोला असंही दिसलं की तक्रार असलेले पुरुष आपली उत्तेजना प्रत्यक्षात असते त्यापेक्षा कमीच समजतात. म्हणजे हा प्रेक्षक पक्षपातीही असतो. म्हणून दवाखान्यात मी 'घाबरू नका' असं कुणालाही सांगत नाही. तसं सांगून कुणाची भीती गेलेली नाही. लक्ष कुठे ठेवायचं, हे मात्र शिकवता येतं.

हा प्रेक्षक येतो कुठून? माझं म्हणणं असं की तो आपण सगळ्यांनी मिळून तिथे नेऊन बसवला आहे.

रेल्वेतून जाताना रुळांकडेच्या भिंती पाहा. 'गुप्तरोग', 'मर्दाना कमजोरी', 'लग्नाआधी, लग्नानंतर'. आपल्या देशात १९५४ पासून औषधं आणि चमत्कारिक उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा कायदा आहे. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणारी जाहिरात त्यात स्पष्ट शब्दांत मना आहे. तरी भिंती रंगतात आणि आता त्या मोबाइलवर आल्या आहेत. या जाहिराती औषध विकण्याच्या आधी धास्ती विकतात. त्यांच्या पायाशी जुना समज आहे, वीर्य म्हणजे रक्ताचा अर्क, ते गेलं की ताकद गेली. या समजातून येणाऱ्या अशक्तपणाच्या, खचलेपणाच्या तक्रारींना डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. किशोरवयातल्या हस्तमैथुनानं आपण स्वतःला संपवून टाकलं, अशी खूणगाठ बांधलेला तरुण लग्नाच्या रात्री खोलीत शिरतो तेव्हा निकाल त्यानं आधीच लावलेला असतो. हस्तमैथुनानं दुर्बलता येत नाही. हे मी इथे ठामपणे सांगतो, आणि रघुनाथरावांनी ते फार आधी सांगितलं होतं.

दुसरीकडून अश्लील चित्रफिती आल्या. निवडलेली शरीरं, तुकडे जोडून केलेलं संकलन, कधी न थकणारे नट. मुलं हेच मोजमाप मानतात. प्रत्यक्षात काय असतं? मार्सेल वाल्डिंगर या डच संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या जोडप्यांना स्टॉपवॉच देऊन केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष संभोगाचा मध्यक काळ निघाला ५.४ मिनिटं. कुणाचं एका मिनिटाच्या आत, कुणाचं चाळीस मिनिटांच्या पुढे. 'माझं लवकर होतं' म्हणून खचून आलेल्या कितीतरी पुरुषांना हा आकडा ऐकूनच हायसं वाटतं.

स्त्रीचा प्रेक्षक वेगळ्या घरात वाढलेला असतो. लहानपणापासून तिला ओढणी नीट घे, पाय जवळ घेऊन बस, मोठ्यानं हसू नकोस असं सांगितलं जातं. वीस-पंचवीस वर्षं शरीर झाकायला शिकवून एका रात्रीत तिनं ते निःशंक उघडं करावं, अशी आपली अपेक्षा असते. मग सुटलेलं पोट, सिझेरियनचा व्रण, घामाचा वास, तोंडातून निसटणारा आवाज, या सगळ्यावर ती पाळत ठेवते. नवऱ्याचा अभिमान दुखावू नये म्हणून सुखाचं सोंग करते. त्या सोंगामुळे नवऱ्याला चुकीचा धडा मिळतो आणि तिची इच्छा वर्षानुवर्षं न बोललेली राहते. माझ्या अनुभवात, पुरुषाची धास्ती निदान तक्रार म्हणून तरी दवाखान्यापर्यंत पोहोचते. स्त्रीची अनेकदा घरातच मुरते आणि 'मला त्यात रस नाही' या वाक्याखाली झाकली जाते.

आणखी एका प्रसंगाची दखल घ्यायला हवी. मूल होत नाही म्हणून उपचार घेणाऱ्या जोडप्यांना डॉक्टर पाळीच्या हिशेबानं दिवस सांगतात. 'आज आणि परवा.' घरी सासूबाई 'गोड बातमी कधी?' म्हणून विचारत असतात. ठरलेल्या तारखेला हुकमी संबंध ठेवायचा, आणि लॅबच्या छोट्याशा खोलीत बाहेर माणसं थांबलेली असताना वीर्याचा नमुना द्यायचा. अशा वेळी धडधाकट पुरुषाचंही शरीर साथ सोडतं. त्या जोडप्यांना आधी कुणीतरी एवढं तरी सांगावं की असं होऊ शकतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

इथे एक इशारा डॉक्टर म्हणून दिलाच पाहिजे. सगळंच मनाचं नसतं. मधुमेह, उच्च रक्तदाब, रक्तवाहिन्यांचे विकार, संप्रेरकांची कमतरता, दारू, तंबाखू, नैराश्यावरच्या काही गोळ्या, यांचा ताठरतेवर परिणाम होतो. शिश्नाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून काही पुरुषांत हृदयविकाराची पहिली खूण काही वर्षं आधी इथेच दिसते. पहाटेची ताठरताही हळूहळू नाहीशी झाली असेल, तर तपासणी टाळू नका. स्त्रीला संबंधाच्या वेळी सतत दुखत असेल तर 'होतं सुरुवातीला' म्हणून तिची बोळवण करू नका. सिल्डेनाफिल ही गोळी १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाली आणि तिनं अनेकांना मदत केली आहे. पण ती इच्छा निर्माण करत नाही. मन जागं असेल तरच ती रक्तप्रवाहाला हात देते. छातीत दुखण्यावरची नायट्रेटची औषधं घेणाऱ्यानं ही गोळी घेतली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. मेडिकलच्या दुकानातून कुजबुजत मागून घ्यायची ती वस्तू नाही.

आता उपायाकडे येतो. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी दोन साध्या गोष्टी केल्या. पहिली, रुग्ण कोण याचं उत्तर त्यांनी बदललं. नवरा किंवा बायको यांच्यापैकी एकाला रुग्ण न मानता त्या दोघांमधल्या नात्याला त्यांनी उपचार दिले. दुसरी, त्यांनी काही काळ संभोगालाच मनाई केली. जोडप्यानं आळीपाळीनं एकमेकांना फक्त स्पर्श करायचा. सुरुवातीला स्तन आणि जननेंद्रियं वगळून. उत्तेजना आणणं हा हेतू नाही. हाताला काय जाणवतं, उष्ण की गार, मऊ की खरखरीत, एवढ्याकडेच लक्ष. ही पायरी निवांत झाली की पुढची.

त्या जोडप्याला मी हेच सांगितलं. आई-वडील रविवारी संध्याकाळी भजनाला जातात, तेवढा वेळ त्यांनी ठरवला. दाराला आतून कडी. वीस मिनिटं त्यानं तिची पाठ, खांदे, तळवे, केस. मग वीस मिनिटं तिनं त्याचे. संभोग बंद असल्यामुळे 'जमेल का' या प्रश्नाला काही जागाच राहिली नाही. पहिल्या रविवारी दोघंही अवघडले, हे त्यांनीच सांगितलं. पुढच्या खेपेला तिनं त्याला सांगितलं की मानेवर बोटं फिरवली की तिला गुदगुल्या होतात आणि आवडत नाही. लग्नाला आठ महिने झाल्यावर त्याला हे कळत होतं. पुढच्या पायरीवर ताठरता आली. ती मुद्दाम जाऊ द्यायची, थांबायचं, पुन्हा स्पर्शाकडे वळायचं, असं मी सांगितलं होतं. ती गेली आणि परत आली. गेलेली परत येते, हा अनुभव माझ्या शंभर आश्वासनांपेक्षा मोठा ठरला. तिनं दिवा घालवणं सोडलं नाही, पण श्वास ओढून पडणं सोडलं. सगळ्यांचंच असं सरळ होत नाही. काहींना महिने लागतात, काहींच्या नात्यात आधीचे राग आणि घाव असतात, ते बाजूला सारून अंथरुणाचा प्रश्न सुटत नाही. आणि जिथे जबरदस्ती आहे तिथे हा उपचार द्यायचाच नसतो, तिथे आधी सुरक्षितता लागते.

अडचणीच्या क्षणी बोललेल्या एका वाक्याला फार वजन असतं. 'काय झालं तुम्हाला?' यानं प्रेक्षक खुर्ची पुढे ओढून बसतो. 'राहू दे, असंच पडून राहू' यानं तो उठून जाऊ शकतो. पुरुषांनीही लक्षात ठेवावं, 'झालं का तुझं?' हा प्रश्न तिच्यासाठी तोच दबाव असतो. त्याऐवजी 'हे आवडतंय का?' असं विचारा आणि 'नाही' हे उत्तर आलं तर मानानं घ्या.

महाराष्ट्रात हे बोलणारी माणसं झाली आहेत. डॉ. विठ्ठल प्रभू यांनी 'निरामय कामजीवन' लिहून मराठी घरांना भाषा दिली. डॉ. प्रकाश कोठारी यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाला वैद्यकीय प्रतिष्ठा मिळवून दिली. डॉ. महिंदर वत्स यांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर मुंबईच्या वर्तमानपत्रात वाचकांच्या शंकांना उत्तरं द्यायला सुरुवात केली आणि २०२० मध्ये, ९६ व्या वर्षी जाईपर्यंत ते या कामात राहिले. रघुनाथरावांना ज्या कामासाठी दंड झाला तेच काम त्यांनी केलं. पण थोड्या माणसांच्या धैर्यावर समाजाचं आरोग्य सोडून चालत नाही.

म्हणून जाता जाता तुमच्याकडे मागणी करतो. डॉक्टरांनी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला, स्त्रीरोगतज्ज्ञांनी प्रसूतीनंतरच्या प्रत्येक स्त्रीला, लैंगिक अडचणींबद्दल आपणहून विचारावं. रुग्ण दाराशी थांबेपर्यंत वाट पाहू नये. आई-वडिलांनी लग्नाच्या खर्चात मुलांसाठी समुपदेशनाच्या एका भेटीची सोय करावी आणि नव्या जोडप्याला आठवड्यातून दोन तास घर मोकळं करून द्यावं. मित्रांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचे ते मेसेज बंद करावेत. आणि जे जोडपं आज इथून घरी जाईल त्यांनी एकमेकांना एकच गोष्ट सांगावी, जी आजवर सांगितली नाही. संभोग ही कुणापुढे द्यायची परीक्षा नाही. तिथे फक्त दोन माणसं असतात, आणि दोघांनाही एकमेकांकडून हवी असते ती खात्री, की मी जसा आहे, जशी आहे, तसं चालेल. ती खात्री औषधाच्या दुकानात मिळत नाही. ती द्यावी लागते. ती आजपासून द्या.